ब्रेकवर आलेला ठपका

मित्रांनो, मी एक जुना हातब्रेक आहे; पण मला शोधायला कुठल्या गाडीत डोकावू नका. दिल्लीतल्या द्वारका भागात, एका सोसायटीत, पहिल्या मजल्यावरच्या घरात, बाल्कनीच्या दाराशी मी पडलेला असतो. उन्हाळ्यात लूचा गरम वारा सुटला की ते दार धाडधाड आपटतं. मला त्याच्या पायथ्याशी टेकवलं की गप्प बसतं. थोपवणं हे माझं जन्माचंच काम, त्यामुळे या नोकरीबद्दल माझी तक्रार नाही. मला दुःख आहे ते एका दिवसाचं. त्या दिवशी मी थोपवायला हवं होतं आणि मला थोपवता आलं नाही. पुढे आठ वर्षं सगळा दोष माझ्या आणि माझ्या थोरल्या भावाच्या नावावर राहिला. त्यात आमचा वाटा किती आणि माणसांचा किती, ते तुम्हीच ऐकून ठरवा.

माझा थोरला भाऊ म्हणजे पायब्रेक. धावती गाडी थांबवायचं काम त्याचं, आणि थांबलेली गाडी धरून ठेवायचं काम माझं. पुढच्या दोन सीटांच्या मध्ये मी असतो. टोकाला एक बटण, पोटात लोखंडी दाते, आणि खालून मागच्या चाकांपर्यंत गेलेली एक तार. मला वर ओढलं की दात्यांचा कट् कट् आवाज होतो, तार ताणली जाते आणि मागची चाकं आवळली जातात. भाऊ निकामी झाला तर निदान थोडा आधार द्यायचा, हेही माझंच काम. घरात धाकट्याची आठवण अशीच, अडल्यावर होते.

माझा जन्म १९९३ सालचा, फरिदाबादच्या एका लहानशा कारखान्यातला. तिथल्या वस्तादानं मला लाकडी चौकटीत बसवून पन्नासदा ओढलं आणि पन्नासदा सोडलं. मग माझ्या पाठीवर खडूनं बरोबरची खूण केली आणि म्हणाला, "बढ़िया है." तेवढी शाबासकी मला पुढे बरीच वर्षं पुरवावी लागली.

मी बसलो ती गाडी लहानशी, पांढरी होती. ती घेतली बळवंत हर्डीकर यांनी. ते एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते. घरात पत्नी विजयालक्ष्मी आणि आठ वर्षांची मुलगी देवयानी. त्या काळात मोठी माणसं म्हणत, देशाची दारं उघडली आहेत, आता सगळं मिळेल. आणि खरंच, ज्या गल्लीत चार स्कूटरी आणि एक जुनी मोटार असायची तिथं बघता बघता दहा-बारा नव्या गाड्या आल्या. गल्लीची रुंदी मात्र सरकारनं आखली तेवढीच राहिली. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या नशिबाची गाठ त्या रुंदीशीच पडली.

गाडी घरी आली तेव्हा विजयालक्ष्मीबाईंनी तिची पूजा केली. नारळ फोडला, स्टिअरिंगला कुंकू लावलं, आणि मग दार उघडून आत वाकून मलाही बोट लावलं.

"हातब्रेकला काय कुंकू लावतेस, विजू?" बळवंतराव हसले.

"बाबा लावायचे," त्या म्हणाल्या. "पायब्रेकला पाय लागतो, म्हणून त्याला नाही. पण याला पहिल्यांदा लावायचे."

त्यांचे बाबा, राजाभाऊ, सातारा जिल्ह्यात एसटीचे ड्रायव्हर होते. सगळी हयात घाटात गेली. लहानपणी सुट्टीत बाई त्यांच्या शेजारच्या बॉनेटवर बसून महाबळेश्वरपर्यंत जात. गाडी लावली की राजाभाऊ आधी हातब्रेक ओढत, मग चाकाला दगडाची ओट लावत, आणि मगच चहाला उतरत. बाईंनी ते नुसतं पाहिलं नव्हतं, अंगात मुरवलं होतं. एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊन त्या गाडी शिकल्या, आणि महिन्याभरात बळवंतरावांपेक्षा सफाईदार चालवू लागल्या. भाजीला, देवयानीच्या शाळेला, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला त्या स्वतः गाडी घेऊन जात. गाडी उभी केली की डाव्या हाताची घट्ट मूठ माझ्याभोवती वळायची आणि एका झटक्यात पाच आवाज व्हायचे. मित्रांनो, ज्याला त्याच्या कामासाठी कुणी हात लावतं त्याच्यासारखा सुखी कुणी नाही. मी चार-पाच महिने तसा सुखी होतो.

मग दिल्लीची एक रीत आडवी आली. आमच्या गल्लीत गाड्या एकामागे एक, एकापुढे एक, मिळेल तशा लावाव्या लागत. रात्री शेवटी आलेली गाडी आतल्या गाडीला कोंडून टाकायची. म्हणून सगळ्यांनी मिळून एक तोडगा काढला होता. गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची आणि हातब्रेक लावायचा नाही. ज्याला निघायचं असेल त्यानं पुढची गाडी ढकलून बाजूला करायची आणि निघून जायचं. कुणाची झोपमोड नाही, कुणाचा खोळंबा नाही. आजही दिल्लीत कुठंही गाडी लावा, मागून कुणीतरी ओरडतंच, "भाईसाहब, हैंडब्रेक मत लगाना!"

एका सकाळी वरच्या मजल्यावरचे श्यामकांत खाली आले. ते बळवंतरावांचे ऑफिसातले सोबती आणि मराठी मंडळातले दोस्त. त्यांना आईला निजामुद्दीन स्टेशनवर सोडायचं होतं. पुढे आमची गाडी, आणि आदल्या संध्याकाळी बाईंनी मला ओढलेलं. श्यामकांतांनी ढकललं, माळ्यानं ढकललं, दूधवाल्यानं खांदा लावला. मी काही सोडलं नाही. मला काय ठाऊक कुणाची आई खोळंबली आहे! मी माझं काम करत होतो.

"बळवंत! अरे बळवंत! यार, हँडब्रेक कोण लावतं इथं?"

बळवंतराव बनियनवर धावत खाली आले. चारी खिडक्यांतून लोक बघत होते. आपल्यामुळे कुणाची अडचण झाली, ही गोष्ट त्या माणसाला मरणाइतकी लागायची. त्यांनी हात जोडून श्यामकांतांच्या आईची माफी मागितली, गाडी काढून दिली, आणि घरात जाऊन बाईंना म्हणाले, "विजू, पुन्हा त्याला हात लावू नकोस. चार माणसांत मान खाली घालावी लागते."

"गाडी घरंगळली तर?"

"इथं कुठं घरंगळतेय? सपाट दिल्ली आहे ही, तुझा घाट नव्हे. वीट लावू चाकाला."

अशी माझ्या जागेवर एक वीट आली. अर्धी, कोपरा उडालेली, बांधकामावरून उचललेली. ज्याला वाटेल तो पायानं तिला सरकवायचा, गाडी ढकलायचा आणि जायचा. गल्लीभर बोलबाला झाला, "हर्डीकर साहब बहुत भले आदमी हैं." मी मनात म्हणे, भलेपणा साहेबांचा आणि वनवास माझा. बाईंनी दोन-तीनदा ओठ चावून मला तसंच सोडलं. पुढे त्यांचीही सवय मोडली.

दिवसांमागून दिवस गेले. पावसाळ्यात दिल्लीचे रस्ते तुंबतात. पुलाखालच्या गुडघाभर पाण्यातून आम्ही कितीदा गेलो, आणि ते पाणी माझ्या तारेच्या नळीत शिरून बसलं. तार रोज हलली असती तर काही झालं नसतं. ती हलत नव्हती, म्हणून तिला गंज चढला. तिसऱ्या वर्षी सर्व्हिसिंगला नेलं तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "साहब, हैंडब्रेक की तार जाम है. बदल दूँ?"

"रहने दो," बळवंतराव म्हणाले. "उसका इस्तेमाल ही कहाँ होता है?"

बोलता आलं असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो. पण गाडीतल्या वस्तूंना बोलता येत नाही, त्यांना फक्त तुटता येतं.

१९९६ च्या जूनमध्ये मसुरीला जायचं ठरलं. देवयानी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिनं डोंगर कधी पाहिलाच नव्हता, म्हणून आठ दिवस आधीपासून ती डोक्यावर टोपी घालून घरभर फिरत होती. निघायच्या आदल्या दिवशी श्यामकांत खिडकीशी आले. त्यांच्या ऑफिसात तेव्हा जेवणाच्या सुट्टीत एकच विषय असायचा: कुणाची गाडी किती ॲव्हरेज देते. ज्याची गाडी थेंबभर पेट्रोलवर जास्त पळते तो त्या दिवसाचा राजा.

"उतरताना एक कर," श्यामकांत म्हणाले. "गाडी न्यूट्रलला टाक आणि किल्ली बंद. मसुरीहून डेहराडूनपर्यंत एक थेंब लागत नाही. मग सोमवारी सांग ऑफिसात, काय ॲव्हरेज आला ते!"

वर जाताना सगळं छान झालं. गाडी दुसऱ्या गिअरात गुरगुरत चढली. देवयानी प्रत्येक वळणाला "आई, देख ना, कितना नीचे!" म्हणून किंचाळत होती. तीन दिवस त्यांनी मजा केली. चौथ्या दिवशी दुपारी जेवून परत निघाले. देवयानी मागच्या सीटवर आडवी झाली आणि लगेच झोपली. गाव मागे पडलं, उतार सुरू झाला, आणि बळवंतरावांनी गिअर काढून किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं.

"अहो, हे काय करताय?" बाई दचकून म्हणाल्या.

"काही नाही गं. उतार आहे, आपोआप जाते."

"बाबा घाटात कधी इंजिन बंद करत नसत. ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं, म्हणायचे. इंजिनच गाडीला धरून ठेवतं."

"ती एसटी होती, विजू. पन्नास माणसं भरलेली. ही एवढीशी गाडी."

दोन वळणं गेल्यावर बाई पुन्हा म्हणाल्या, "गिअर टाका हो." तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा बळवंतराव जरा चिडून म्हणाले, "तू खिडकीबाहेर बघ. छान देखावा आहे."

इंजिनानं हात वर केल्यावर सगळा भार माझ्या थोरल्या भावावर आला. वळणामागून वळण, आणि बळवंतरावांचा पाय त्याच्यावरून उठेचना. तो तापत गेला. मला खाली त्याची धग लागत होती. काही वेळानं जळका वास सुटला. बाईंनी नाक वर केलं. "वास येतोय. थांबा. बाजूला घ्या, थोडा वेळ थंड होऊ द्या." बळवंतराव म्हणाले, "पुढच्या वळणावर जागा बघून थांबतो." त्यांनी तेव्हाच थांबवलं असतं तर ही गोष्ट मला सांगावी लागली नसती. पुढच्या वळणाआधीच भावाचं तेल उकळलं. बळवंतरावांनी पाय दाबला तो सरळ जमिनीला टेकला.

मित्रांनो, त्या क्षणी गाडीत एकदम शांतता झाली. इंजिन बंद, त्यामुळे फक्त वाऱ्याचा आवाज. उजवीकडे दरी होती, डावीकडे डोंगराचा कापलेला कडा, आणि वळणाच्या पलीकडून चढणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत होता. बळवंतराव तो रिकामा पाय पुन्हा पुन्हा दाबत होते. बाई ओरडल्या, "गिअर! गिअर टाका!" त्यांना ऐकूच गेलं नाही. मग बाईंनी उजव्या हातानं मला पकडलं आणि सगळा जीव एकवटून वर ओढलं.

तीन वर्षं मी या हाकेची वाट बघत होतो. मी ओढलो गेलो, पण माझी तार नळीत गंजून बसली होती. ती आधी हलली नाही, मग खाडकन तुटली. मी नुसताच वर आलो, सैल, हलका, कशाला न जोडलेला. बाईंच्या हातात माझ्याकडून काहीच आलं नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरू शकत नाही. राजाभाऊंची मुलगी जिवावर बेतल्यावर पहिल्यांदा हातब्रेकवर विसंबली आणि हातब्रेकनं दगा दिला.

मग त्यांनी मला सोडलं आणि तोच हात स्टिअरिंगवर टाकून गाडी डावीकडे, डोंगराकडे ओढली. डावीकडे त्या स्वतः बसल्या होत्या. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांचा डावा हात उघड्या खिडकीची चौकट धरून होता. गाडी कड्याला घासत, ठिणग्या उडवत वीस-पंचवीस हात गेली आणि एका दगडात अडकून थांबली. ट्रक शेजारून निघून गेला. देवयानी मागे सीटखाली पडून रडत उठली, तिला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. बळवंतरावांच्या कपाळाला खोक पडली. बाईंचा डावा हात मात्र दार आणि कडा यांच्यामध्ये चेंगरला होता.

मागून एक टॅक्सी येऊन थांबली. ड्रायव्हरचं नाव नरसिंह, त्याच डोंगरातला माणूस. त्यानं आधी चाकाखाली धोंडा लावला, बाईंचा हात पंच्यानं बांधला, आणि मग आत वाकून किल्लीकडे पाहिलं.

"साहब, इंजन बंद करके उतर रहे थे?"

"नहीं, नहीं," बळवंतराव म्हणाले. "ब्रेक फेल हो गया."

बाईंनी डोळे मिटून घेतले. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

डेहराडूनला एक ऑपरेशन झालं, दिल्लीत आणखी दोन. हात वाचला, पण मूठ गेली. करंगळी आणि तिच्या शेजारची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बळवंतराव तेच सांगत, "काय करणार, ब्रेक फेल झाला." लोक हळहळत, यंत्राला शिव्या देत आणि चहा पिऊन जात. श्यामकांतही आले. "तू इंजिन बंद केलं नव्हतंस ना?" असं त्यांनी विचारलं नाही, आणि बळवंतरावांनी सांगितलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते काही खोटं नाही. पण मी तरी संन्यासी कसा? तुटलो होतो हे खरंच होतं. रात्रंदिवस मला हेच टोचत राहिलं, की एकदाच, फक्त एकदाच मी धरलं असतं!

गाडी दुरुस्तीला गेली तेव्हा बाई गळ्यात हात अडकवून गॅरेजपर्यंत गेल्या. मला काढून भंगारात टाकणार होते. बाई म्हणाल्या, "वो मुझे दे दो." घरी आणून त्यांनी मला पुसलं आणि ठेवून दिलं. का आणलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. १९९९ साली द्वारकेत सहकारी सोसायटीतलं घर तयार झालं आणि हर्डीकर तिथं राहायला आले. त्याच सोसायटीत श्यामकांतांनीही घर घेतलं होतं. तेव्हा द्वारकेत घरांपेक्षा धूळच जास्त होती आणि वारा असा मोकाट, की पहिल्याच उन्हाळ्यात बाईंनी मला बाल्कनीच्या दाराशी बसवलं.

पुढे दुसरी गाडी आली, निळी. बाई त्या गाडीत बसत, पण नेहमी डावीकडे. चालवायच्या सीटवर त्या आठ वर्षं बसल्या नाहीत. भाजीला रिक्षानं जात. कुणी विचारलं तर म्हणत, "आता सवय राहिली नाही." बळवंतराव त्या वेळी तिथं असले तर वर्तमानपत्र उघडत.

देवयानी कॉलेजात गेली, गाडी शिकली. दिल्लीत वाढलेली पोर, तिच्या मराठीत निम्मी हिंदी. मला ती 'वो लोहे वाली चीज़' म्हणते. १९ वर्षांची झाली त्या वर्षी, २००४ च्या जूनमध्ये, तिनं जाहीर केलं की ती आणि तिच्या तीन मैत्रिणी निळी गाडी घेऊन मसुरीला जाणार. आई-बाबा दोघांचेही चेहरे उतरले, पण नाही म्हणायला कुणाकडे धड कारण नव्हतं. ब्रेक फेल होणं हा तर नशिबाचा खेळ, असंच आजवर सगळ्यांना सांगितलेलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी श्यामकांतकाका चहाला आले. मी दाराशी होतो, सगळं ऐकत होतो.

"मसुरी? वा!" ते म्हणाले. "मग एक युक्ती सांगतो बेटा. उतरताना न्यूट्रल टाकायचं आणि किल्ली बंद. डेहराडूनपर्यंत एक थेंब पेट्रोल लागत नाही. तुझ्या बाबालाही मीच सांगितलं होतं. त्याचा बिचाऱ्याचा ब्रेक फेल झाला, ते सोड. ते नशीब."

"अच्छा? ये तो मस्त है, काका! नक्की करून बघते."

विजयालक्ष्मीबाई चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. उजव्या हातात ट्रे, डाव्या मनगटाचा खालून आधार. त्या मध्येच थांबल्या. श्यामकांतांकडे नाही, मुलीकडे नाही, त्यांनी फक्त बळवंतरावांकडे बघितलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. आठ वर्षांपूर्वी तीच माझ्यावर पडली होती.

मला वाटलं, हाही माझ्यासारखाच सैल निघणार.

"नाही," बळवंतराव म्हणाले.

"काय नाही?"

"ब्रेक फेल झाला नव्हता, श्यामकांत. मी इंजिन बंद केलं होतं. तू सांगितलंस म्हणून नव्हे, मला सोमवारी ऑफिसात मिरवायचं होतं म्हणून. विजूनं तीनदा सांगितलं, गिअर टाका. मी तिला देखावा बघ म्हणालो." ते पुढे म्हणाले, "सारखा पाय दाबून दाबून ब्रेक मी जाळला. आणि हातब्रेक तीन वर्षं न ओढून सडवला तोही मीच. मेकॅनिकनं सांगितलं होतं तार बदलू या. मी नको म्हणालो."

श्यामकांतांनी हातातलं बिस्कीट बशीत ठेवलं. "यार, तू कधी बोलला नाहीस," ते हळूच म्हणाले.

"भला माणूस म्हणवून घ्यायची सवय लागली होती."

देवयानी आईच्या हाताकडे बघत होती. "आई, तुला माहीत होतं?"

"मी तिथंच होते, बाळा."

"विजू..." बळवंतराव म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसायचंही विसरून नुसता हातात धरून बसले.

बाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. पदर खोचला. "किल्ली कुठे आहे?" त्यांनी विचारलं. बळवंतरावांनी खिशातून काढून दिली. "चल देवू, खाली चल. तुला घाट उतरायला शिकवते."

बाल्कनीखालीच सोसायटीचा पार्किंगचा उतार आहे. तिथलं मला दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. चालवायच्या बाजूचं दार उघडलं. गाडी सुरू झाली, जरा अडखळली, बंद पडली. पुन्हा सुरू झाली. गिअर पडला, इंजिन गुरगुरलं, आणि गाडी त्या उतारावरून संथपणे, धरून ठेवल्यासारखी खाली आली. "पाय बघ, ब्रेकवर आहे का?" "नाही, आई." "गाडी पळतेय का?" "नाही." मग गाडी उताराच्या मध्यावर थांबली.

"आता ऐक," बाई म्हणाल्या.

कट्. मग बराच वेळ काही नाही. त्यांची मूठ वळत नाही, त्या मनगटानं ओढत असणार. कट्. पुन्हा थांबणं.

"आई, मी ओढू?"

"नको. तू मोज."

"तीन," देवयानी म्हणाली. "चार." आणि खूप वेळानं, "पाच." गाडी जागच्या जागी उभी राहिली. माझ्याच जातीच्या कुणीतरी तिला धरलं होतं. मी दाराशी पडल्या पडल्या त्याला आशीर्वाद दिला. त्याचा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, तुम्ही आज ना उद्या गाडी चालवाल. घाटात ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा. इंजिन बंद करू नका, ब्रेकवर सारखा पाय ठेवू नका, जळका वास आला तर पुढच्या वळणाची वाट न बघता थांबा. आणि सपाट गावात राहत असलात तरी माझ्या भावंडांना रोज एकदा ओढा. आम्ही झिजायला घाबरत नाही, आम्हाला गंजायचं भय वाटतं. तरीही काही बिघडलं, तर आमच्या नावानं खडे फोडण्याआधी स्वतःला एकदा विचारा. बळवंतरावांना ते विचारायला आठ वर्षं लागली, आणि बाईंची तेवढी वर्षं डावीकडच्या सीटवर गेली. ती कुणी परत आणून देऊ शकत नाही.

चार दिवसांनी दुपारी घरातला फोन वाजला. बळवंतराव उठले, पण बाईंनी आधी उचलला. देवयानी डेहराडूनहून बोलत होती, इतक्या मोठ्यानं की मला दाराशी ऐकू आलं.

"आई, उतरलो! पूर्ण रस्ता सेकंड गिअरमध्ये! मागचे सगळे इतके हॉर्न वाजवत होते ना, यार, सगळ्यांचा खोळंबा झाला माझ्यामुळे."

"वाजवू देत," बाई म्हणाल्या.